कायम तीन वाजून गेलेला ग्रह

"ताई, हे परग्रहावरचं नाहीये," एवढंच ती म्हणाली, पेन्सिल वहीत ठेवली आणि वही मिटली. आवाज चढला नव्हता. रागही दिसत नव्हता. शनिवारची संध्याकाळ, आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला, त्याच्या चार कोपऱ्यांवर वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवलेल्या वाट्या, मधे फासे, आणि मी माझ्या जाड वहीतून नव्या प्रजातीची माहिती वाचून दाखवत होते. महिनाभर खपून तयार केलेली प्रजाती. सगळे कान देऊन ऐकत होते, म्हणून मी रंगात आले होते. मग ते वाक्य आलं आणि पुढचं पान उलटायला माझा हात उचलेना. कुणीतरी चहा टाकायला उठलं, कुणीतरी फॅन वाढवला. त्या दिवशी आम्ही लवकरच आवरलं.

दर दुसऱ्या शनिवारी आम्ही पाचजण जमतो. गोष्ट सांगत खेळायचा खेळ आहे हा. एकाने जग उभं करायचं, बाकीच्यांनी त्यात पात्र होऊन वावरायचं आणि अडलं तिथे फासे टाकायचे. जग उभं करायचं काम गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्यामुळे आमचं यान भलतीकडे वळलं तरी गुरुत्वाकर्षण सुटत नाही, असं माझा भाचा म्हणतो. टेबलाभोवती तो असतो, बँकेतली एक मैत्रीण असते, आर्किटेक्चरचा एक विद्यार्थी असतो, आणि सगळ्यांत धाकटी नोकरदार ती. यान ती चालवते. तिच्या पात्राचं नाव टिटवी आहे, तर इथे मी तिला टिटवीच म्हणेन.

ग्रह मी मनाने काढला नव्हता. कुंभ राशीच्या दिशेला, सुमारे ४० प्रकाशवर्षांवर, ट्रॅपिस्ट-१ नावाचा एक मिणमिणता लाल तारा आहे. आकाराने गुरूपेक्षा थोडासाच मोठा. त्याला सात खडकाळ ग्रह आहेत हे २०१७ च्या फेब्रुवारीत जाहीर झालं, त्या दिवशी मी वर्गात धडा बाजूला ठेवून फळ्यावर सात वर्तुळं काढली होती. त्यातला चौथा ग्रह मला तेव्हापासून धरून आहे. त्याचं वर्ष सहा दिवसांचं. ताऱ्याला तो इतका खेटून फिरतो की आपला चंद्र जसा एकच तोंड आपल्याकडे ठेवतो, तसा हा बहुधा एकच बाजू ताऱ्याकडे ठेवत असणार. म्हणजे एका अंगाला न संपणारं ऊन, दुसऱ्या अंगाला न संपणारी रात्र, आणि दोन्हींच्या मधे ग्रहाला कमरपट्ट्यासारखा वेढणारा एक संधिप्रकाशाचा पट्टा, ३७ हजार किलोमीटर लांबीचा. तिथे सूर्य उगवत नाही आणि मावळतही नाही. क्षितिजाला टेकून बसतो. आपल्या सूर्यापेक्षा चौपट रुंद दिसणारा, तांबूस, डोळ्याला फारसा न खुपणारा. मी वर्गात हे सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

खरं तर मी आधी वेगळीच प्रजाती करायला घेतली होती. बर्फाखालच्या समुद्रातली, अष्टपादासारखी. अष्टपादाबद्दल जितकं वाचावं तितकं कमी वाटतं: तीन हृदयं, निळं रक्त, आणि मज्जापेशींतल्या बहुतेक डोक्यात नसून हातांत. हात स्वतःच विचार करतो म्हटलं तरी चालेल. दोन आठवडे मी त्यांच्यावर घालवले आणि मग अडकले, कारण अष्टपादाची मादी अंडी सांभाळत उपाशी राहते आणि पिल्लं बाहेर पडण्याच्या सुमाराला मरते. पिल्लाला आई भेटत नाही. प्रत्येक अष्टपाद जगाचा धडा पहिल्यापासून गिरवतो, आणि दोनेक वर्षांत, पुष्कळदा त्याच्याही आत, तोही संपतो. इतकी तल्लख बुद्धी, पण तिला "आमच्याकडे असं करतात" म्हणून सांगणारं कुणी नाही. सण नाही, शिवी नाही, पाककृती नाही, खानदानी भांडण नाही. मला प्राणी मिळाला होता, समाज मिळत नव्हता. वहीच्या त्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: "आजी हवी."

म्हणून मग संधिप्रकाशाच्या पट्ट्यावर मी सांजळ वसवले आणि त्यांना आज्या दिल्या.

सांजळ माणसापेक्षा उंच, अंगाने अरुंद. एका बाजूला कायम ऊब, दुसऱ्या बाजूला कायम गारवा, त्यामुळे शरीराच्या दोन बाजू सारख्या नाहीत. उजेडाकडची कातडी जाड, गेंड्यासारखी, आणि तिथला डोळा बारीक. अंधाराकडची कातडी मऊ, केसाळ, आणि डोळा घुबडासारखा मोठा. भाच्याने लगेच विचारलं, "मावशी, मग घरी परत येताना? वळले तर चुकीचा डोळा उन्हात येईल ना." त्या प्रश्नाने मला पुढचे चार दिवस पुरले. सांजळ वळत नाहीत. जसे जातात तसेच पाठीमागे चालत परत येतात, आणि हे त्यांना इतकं सरावाचं आहे की त्यांच्या भाषेत पुढे आणि मागे असे शब्दच नाहीत; उन्हाकडे आणि अंधाराकडे एवढेच आहेत. कुणी पाठ फिरवली तर ती त्यांच्याकडे वेडाची नाहीतर मरणाची खूण. कॅलेंडर मला आकाशातूनच मिळालं. तिथले ग्रह एकमेकांच्या इतके जवळ आहेत की शेजारचा ग्रह आपल्या चंद्राएवढा दिसावा. आतल्या बाजूचा शेजारी दर बारा दिवसांनी त्या मोठ्या तांबड्या सूर्यासमोरून एक काळी टिकली सरकावी तसा सरकतो. ती सांजळांची तिथी. लग्नं, बाजार, कर्जाची मुदत, सगळं टिकलीवर.

आणि सावली. हे सुचलं तेव्हा मी रात्री दीड वाजता अंथरुणातून उठून लिहायला बसले होते. जिथे सूर्य हलत नाही तिथे सावलीही हलत नाही. घर बांधलं की त्याच्या मागची जमीन कायमची गेली. तिथे आता कधीच काही उगवणार नाही, बांधणारा मेला तरी, त्याचा नातू मेला तरी. म्हणजे सावली ही मिळकत झाली, आणि तंटाही झाली. आपल्याकडे जशी बांधावरून पिढ्यान् पिढ्या कोर्टकचेरी चालते तशी त्यांच्यात सावलीवरून चालणार. त्यातही मला आवडलेली गोष्ट अशी की सूर्य इतका रुंद दिसतो म्हटल्यावर सावलीच्या कडा ठळक पडायच्या नाहीत. हिशेब करून पाहिला. अर्ध्या मीटर रुंदीच्या अंगाची गडद सावली तेरा मीटरवर संपेल. तिच्या दोन्ही अंगांना पसरत जाईल ती नुसती करडी धूसरता, जिच्यात कुठे बोट ठेवून "इथे संपली" म्हणता येणार नाही. मग मोजणी करणारे आले. हद्द कायम करून देणारे, मान असलेले, लाच खाणारे. चार पानं मी एका बैठकीत भरली.

त्याच भरात एक ओळ लिहिली गेली. पट्ट्याच्या अंधाराकडच्या कडेला राहणारे काही सांजळ असतात, त्यांना काठचे म्हणतात; काठच्याने इतर कुणाच्याही उजेडाच्या बाजूला उभं राहायचं नाही, कारण त्याची सावली अंगावर पडलेली चालत नाही.

हीच ओळ मी त्या शनिवारी वाचली होती.

रात्री सगळं निवळल्यावर वही घेऊन बसले. मनात आधी काय आलं ते लिहायला हवं. आधी आलं ते स्पष्टीकरण. मी ही प्रथा चांगली थोडीच म्हटली होती? गोष्टीत अन्याय नको का? पण वहीत तिच्या आधी आणि नंतर काय होतं ते वाचलं आणि ते स्पष्टीकरण गळून पडलं. वर शीर्षक होतं "रूढी", त्याखाली लग्नातला नाच, बाळाचं नाव ठेवायची पद्धत, जेवताना कोण आधी बसतं, आणि त्या यादीत, नाचाच्या आणि जेवणाच्या मधे, ही ओळ. तिथे तो अन्याय नव्हता. शोभा होती. मोजणी करणाऱ्यांना चार पानं, काठच्यांना एक ओळ, तीही इतरांनी त्यांच्याबद्दल घातलेला नियम. ते स्वतःला काय म्हणतात, त्यांच्या आज्या काय सांगतात, हे मला सुचलंदेखील नव्हतं. "काठचे" हे नावसुद्धा मधे उभं राहून दिलेलं.

मी पुण्यात राहते. सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीनच्या नंतर महार-मांगांनी शहरात यायचं नाही, कारण त्या वेळांना सावल्या लांब पडतात, हा पेशवाईतल्या याच पुण्याचा नियम मी पुस्तकात वाचलेला आहे. बाबासाहेबांनी लाहोरसाठी १९३६ साली लिहिलेल्या आणि तिथे होऊ न दिलेल्या भाषणात सावलीचा विटाळ आहे, कमरेची झाडू आहे, गळ्यातलं मडकं आहे. तेही मी वाचलं होतं, खालच्या रेघा आजही माझ्या प्रतीत आहेत. वाचलेलं होतं आणि तरी रात्री दीड वाजता ते मला नवं म्हणून सुचलं. माझ्याच शोधासारखं. क्षितिजाला टेकलेला सूर्य, कधीच आखूड न होणाऱ्या सावल्या. मी मोठ्या कौतुकाने असा ग्रह निवडला होता जिथे घड्याळात कायमच तीन वाजून गेलेले असतात, आणि तिथे पोचल्या पोचल्या पहिल्यांदा काय केलं, तर तो नियम लावून टाकला.

टिटवीला हे पुस्तक उघडून बघावं लागलं नसणार.

त्या आठवड्यात मला वाईचं अंगण सारखं आठवत राहिलं. १९८७-८८ चा उन्हाळा असेल, मी आठ-नऊ वर्षांची. आजीच्या वाड्याला मागचं दार पश्चिमेला होतं. कुरडयांचे दिवस, पहाटे चीक शिजायचा, त्याचा तो आंबूस, गोडसर वास माजघरापर्यंत भरून राहायचा, आणि आम्हा मुलांना वाटीत गरम चीक दूध-साखर घालून मिळायचा. सोऱ्यातून कुरडया जुन्या लुगड्यावर घालायच्या, लुगडं बाजेवर. राखणीला मी, हातात कावळे हाकायची काठी. चारच्या सुमारास एक बाई गोवऱ्यांची पाटी घेऊन मागच्या दाराने यायची. दारातच थांबायची. आणि आजी, जिचे गुडघे तेव्हाही दुखायचे, उठून बाजेचा एक कोपरा धरायची नि मला म्हणायची, "धर गं त्या बाजूने." आम्ही दोघी मिळून बाज हातभर आत सरकवायचो. मला वाटायचं, कुरडयांना ऊन हवं. चाळीस वर्षं मला तेच वाटत होतं. या आठवड्यात पहिल्यांदा आठवलं की मी स्वतः बाजेच्या उन्हात उभी राहिले की आजी नुसतं म्हणायची, "ऊन सोड, चल हो बाजूला." माझ्यासाठी तिने बाज कधी सरकवली नव्हती.

तरी मला नक्की सांगता येत नाही. कदाचित खरंच ऊन असेल. बाईच्या डोक्यावर पाटी होती, सावली मोठी पडत असेल, आणि तिला बाजूला हो म्हणण्यापेक्षा बाज हलवणं आजीला सोपं वाटत असेल. आजीला जाऊन एकवीस वर्षं झाली. तिने मला मोजून तीनदा मारलं असेल, आणि माझ्या दहावीच्या फीसाठी पाटल्या मोडल्या. तिच्याबद्दल असा संशय घ्यायला जीव होत नाही आणि घेतल्यावाचून राहवतही नाही. चुलीत त्याच बाईच्या हाताने थापलेल्या गोवऱ्या जळायच्या. त्याच जाळावर चीक शिजायचा. हात चालत होते. त्या बाईला आजी कोणत्या नावाने हाक मारायची ते मी खूप ताण देऊन आठवायचा प्रयत्न केला. पाटीची वीण आठवते, तिच्या डाव्या पायातलं चांदीचं जोडवं आठवतं, कपाळावरचा घाम आठवतो. नाव नाही.

आपल्या भाषेतही सावलीचे दोन तुकडे पडलेत. मायेची सावली, वडाची सावली, डोक्यावरचं छत्र गेलं तर "सावली हरपली". आणि तीच भाषा तितक्याच सहज म्हणते, "मी त्याला सावलीलासुद्धा उभा करणार नाही." हे वाक्य मी स्वतः कितीदा वापरलंय, एकदा तर स्टाफरूममध्ये, आणि कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. दूर जायला निघालो तरी माणूस घरचं काहीतरी कनवटीला लावूनच निघतो. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी पाठवली तिच्यावर ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठी आहे. पृथ्वीवरचे लोक तुम्हाला शुभविचार पाठवतात आणि तुम्ही ह्या जन्मी धन्य व्हा, अशा अर्थाचं ते बोलणं. मला ते फार आवडतं, आणि त्यातल्या "ह्या जन्मी"ने दर वेळी थबकायला होतं. ज्याला अजून पाहिलं नाही, ज्याला जन्म असतो की नाही ठाऊक नाही, त्याला आपण मागचे-पुढचे जन्म देऊन मोकळे झालो, अगदी प्रेमाने. पाहुण्याला आपल्याच ताटात वाढावं तसं. सांजळांना आजी देताना मीही प्रेमानेच दिली होती. कुठली आजी देतेय ते पाहिलं नव्हतं.

बुधवारी मी टिटवीला फोन केला. आधी मेसेज लिहून तीनदा खोडला होता. म्हटलं, मी ती ओळ काढून टाकते, सांजळांमध्ये काठचे असणारच नाहीत. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मागे बसचा आवाज येत होता. मग म्हणाली, "काढू नका ना ताई. काढलंत तर तुमचे सांजळ एकदम चांगले होतील. मग मी तिथे उतरून करू काय?" मी म्हटलं, पण तुला त्रास झाला. ती म्हणाली, "झाला. पण ओळ होती म्हणून नाही झाला. एकच होती म्हणून झाला. मोजणीवाले पोट सुटेपर्यंत लाच खातात हे तुम्ही इतकं मस्त लिहिलंय, आणि ह्यांचं पोट कसं भरतं ते नाहीच." बस आली असावी. "शनिवारी लवकर येते," म्हणाली. "वही रिकामी ठेवा थोडी."

ती चार वाजता आली, बाकीचे सहाला येणार होते. मी पोहे केले होते. तिने खाता खाता माझी चार पानं नीट वाचून काढली, सावलीच्या हिशेबापाशी थांबली, मोबाइलवर आकडे घालून तेरा मीटर बरोबर येतात का ते तपासलं. आणि मग म्हणाली, "म्हणजे ह्या सावलीला कडच नाही. मग विटाळ कुठून सुरू होतो ते कोण ठरवतं?" मी म्हटलं, मोजणीवाले. "कुठे उभे राहून?" मी गप्प. "उजेडाकडे उभे राहूनच ना? काठच्या माणसाला तर मोजायला तिकडे जाताच येत नाही." तिने वहीच्या कडेला दोन रेघा मारल्या, मधे शिसपेन्सिल आडवी धरून भरत गेली, गडद, करडं, फिकं, आणि फिक्याच्याही पलीकडे एक बारीक माणूस काढला. माझ्याकडचं गणित तेच होतं. मी त्याच्याकडे बघून मोजणीदाराचं पोट पाहिलं होतं आणि तिने त्याच आकड्यांतून त्या माणसाला उभं केलं.

मग तिने जो प्रश्न विचारला त्याने सांजळ पहिल्यांदा मला खरे वाटायला लागले. असले लाल तारे तापट असतात, अधूनमधून त्यांच्यावर भडका उडतो आणि जहाल किरणांचा लोट ग्रहांवर येतो, हे मी तिला मागेच सांगितलं होतं. यान चालवणाऱ्याला ते माहीत असावं लागतं. "भडका आला की सांजळ काय करतात?" तिने विचारलं. मी म्हटलं, आडोशाला जातात, घरांच्या सावलीत. "आणि घरापासून लांब असले तर? रानात, बाजाराच्या वाटेवर?" मी म्हटलं, मग एकमेकांच्या आडोशाला. ती माझ्याकडे बघत राहिली. मला कळायला क्षणभर लागला. उघड्या माळावर भडका आला तर कुणीतरी उजेडाच्या बाजूला उभं राहून बाकीच्यांवर आपली सावली पाडायला हवी. कुणाला पुढे उभं करतील?

"तेव्हा चालते," ती म्हणाली.

मला गोवऱ्या आठवल्या. वाईचं अंगण मी तिला सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी, बाज सरकवण्यासकट. मला वाटलं होतं ती काहीतरी म्हणेल. तिने विचारलं, कुरडया किती दिवस वाळवायच्या. मग म्हणाली, तिच्या आजीकडे फलटणजवळ कुरडया गच्चीवर घालतात आणि तिथे राखणीला तीच असायची, तिलाही काठी मिळायची. पण गरम चीक ते मीठ-तेल घालून खातात, दूध-साखर तिने ऐकलंच नव्हतं. "गोड?" तिने दोनदा विचारलं. आणि आम्ही पुढचा अर्धा तास चिकाबद्दलच बोलत बसलो. सांजळ आपापली जागा धरून तसेच उभे होते.

पावणेसहा वाजता तिने वहीतली दोन कोरी पानं माझ्याकडून मागून घेतली आणि पश्चिमेच्या बाल्कनीत जाऊन बसली. काठच्यांबद्दल मी लिहिते म्हणाली. ते स्वतःला काय म्हणतात, टिकली सरकते तेव्हा काय करतात, भडक्यात पुढे उभा राहून परत आलेल्याला घरी काय खायला घालतात. मी मधेच चहा द्यायला गेले तर तिने पान हाताने झाकलं. "तुम्हाला नाही दाखवणार. खेळताना कळेल." मी म्हटलं, अगं, पण जग मी चालवते, मला माहीत नको? तिने मान हलवली. नको. सहा वर्षांत आमच्या टेबलावर असं झालं नव्हतं. त्या जगात असं काहीच नव्हतं जे मला आधी माहीत नसेल. मला वाटायचं ते तसंच असावं लागतं. चहाचा कप कठड्यावर ठेवून मी आत आले तेव्हा मनात जरा भीती होती, आणि पहिल्यांदा पृथ्वीबाहेर कुठेतरी जायला निघावं तशी हुरहूरही होती.

बाकीचे जमले. भाच्याने नकाशा अंथरला, वाट्या ठेवल्या. मी दिवा लावायला उठले तर आर्किटेक्चरवाला म्हणाला, राहू दे थोडा वेळ, ऊन छान येतंय. बाल्कनीतून तिरपं तांबूस ऊन टेबलभर आलं होतं आणि पाचजणांची डोकी, खांदे, हात नकाशावर लांब पडले होते, एकमेकांत मिसळून, कुणाचं कुठलं ते ओळखू येऊ नये असे. यान पट्ट्याच्या अंधाराकडच्या कडेला उतरलं. टिटवीने फासा टाकला, धक्का न बसता उतरलं. मी नेहमीसारखं वर्णन केलं: दगडी माळ, थंडगार वारा अंधाराकडून येतोय, दूर क्षितिजावर सूर्य, आणि माळावर एक उंच, अरुंद आकृती तुमच्याकडे बघत उभी आहे. मैत्रिणीने विचारलं, "कोण आहे ती? काय म्हणतेय?"

सगळे सवयीने माझ्याकडे बघायला लागले. मी टिटवीकडे पाहिलं. तिने खिशातून घडी केलेली दोन पानं काढली, टेबलावर हाताने सपाट केली आणि वाचायला लागली.